रिटर्नमध्ये धंदा कमी आणि शेती जास्त दाखवलीय, आता मेसेज आलाय, काय करू?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रील, गेट, पत्र्याची शेड असली कामं. तीन वर्षांचे रिटर्न ओळखीच्या एका माणसाने भरले. २०२३-२४ च्या रिटर्नला उलाढाल ३८ लाख दाखवलीय, जीएसटीत त्याच वर्षाची ६१ लाख आहे. पलूसकडे दोन एकर ऊस आहे त्याचं उत्पन्न ९ लाख. बायकोच्या नावावर शिलाईकामाचे ४ लाख दाखवून वेगळं रिटर्न. आता आयकर खात्याचा मेसेज आलाय की माहिती जुळत नाही, आणि रिटर्न भरणारा म्हणतोय काही होत नाही, सोडून द्या.

सोडून देऊ नका. पण लगेच हातपाय गाळायचंही कारण नाही, कारण तुम्हाला आलेला मेसेज म्हणजे अजून नोटीस नाही. खात्याकडे जीएसटीची, बँकेची, टीडीएसची माहिती येऊन पडते, ती तुमच्या रिटर्नशी कॉम्प्युटरच ताडून बघतो आणि फरक मोठा दिसला की असा मेसेज टाकतो, की बाबा एकदा बघून घे. पोर्टलवर लॉगिन करून ई-कॅम्पेनमध्ये काय लिहिलंय ते स्वतः वाचा, आणि ई-प्रोसीडिंगमध्ये खरोखर नोटीस येऊन पडली नाही ना तेही बघा. खरी नोटीस असेल तर तिच्यावर डीआयएन म्हणजे खात्याने त्या कागदाला दिलेला नंबर असतो आणि तो पोर्टलवर तपासता येतो, कारण हल्ली खोट्या नोटिसा पाठवून पैसे उकळणारेही निघालेत. त्याच बैठकीत प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाईल कुणाचा आहे ते बघा. दहातल्या निम्म्या केसेसमध्ये तिथं रिटर्न भरणाऱ्याचाच ईमेल असतो, नोटीस त्याच्याकडे जाते, तो सतराशे रिटर्नच्या गडबडीत बघत नाही, आणि माणसाला कळतं ते थेट डिमांड आल्यावर.

आता मूळ दुखणं. आपल्याकडे रिटर्न उलटं भरतात. आधी ठरतं की टॅक्स शून्य आला पाहिजे, मग त्यावरून नफा ठरतो, नफ्यावरून उलाढाल ठरते, आणि वर्षभर वर्कशॉपमध्ये काय झालं त्याचा या सगळ्याशी काही संबंधच नसतो. तुमचे ३८ लाख कुठून आले असतील? बहुतेक आदल्या वर्षी ३५ होते, त्यात थोडे वाढवले, झालं. बिलबुक कुणी उघडलंच नाही.

आणि यातली गंमत बघा. छोट्या धंद्याला ४४एडी कलमाखाली उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं, पैसे चेकने किंवा ऑनलाइन आले असतील तर तेवढ्या भागावर ६ टक्के. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवीन आयकर कायदा लागू आहे, पण तुमची ही वर्षं १९६१ च्या कायद्यातच येतात म्हणून कलमं जुनीच सांगतोय.) ३८ लाखाचे ८ टक्के होतात ३ लाख ४ हजार. खरे ६१ लाख दाखवले असते तर सगळं रोखीतलं धरूनसुद्धा ४ लाख ८८ हजार. आणि २०२३-२४ ला नवीन पद्धतीत ७ लाखापर्यंत रिबेट होता, म्हणजे शेतीचा खरा आकडा धरला तर दोन्हीकडे टॅक्स शून्यच. तेवीस लाखाची उलाढाल लपवून एक रुपयासुद्धा वाचला नाही, उलट जीएसटीत एक आणि आयकरात दुसरं असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. असलं फुकटचं ओझं घेतलेली माणसं मी दरवर्षी बघतो.

फक्त उलाढालीचा फरक असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. तुमची खरी अडचण त्या ९ लाखात आहे.

दोन एकर ऊस. चांगला ऊस धरू, एकरी ५० टन, म्हणजे १०० टन. टनाला तीन ते साडेतीन हजार. झाले तीन, साडेतीन लाख, आणि त्यातून लागण, खत, पाणीपट्टी, लाइट बिल, मजुरी हे सगळं जायचंय. आडसाली असेल तर हे पीक दीड वर्षाचं. हातात दोन लाख राहिले तरी चांगलं म्हणायचं. ९ लाख कुठून आणणार? उसाचं तर आणखी असं आहे की कारखान्यात टनेज काट्यावर नोंदलं जातं, बिल बँकेत येतं, सातबाऱ्यावर पीक पेरा असतो आणि आता ई-पीक पाहणी पण आहे. भाजीपाला म्हणून सांगितलं असतं तर निदान वाद घालता आला असता, उसात वाद घालायला जागाच नाही. अधिकाऱ्याने कारखान्याची बिलं आणि सातबारा एवढंच मागितलं की विषय संपला.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून धंद्यातला बिनबिलाचा पैसा शेतीत दाखवायचा ही आपल्या भागातली जुनी खोड. प्लॉट घ्यायचाय, घर बांधायचंय, पैसा कुठून आला ते दाखवायला लागतं, मग काढा शेतीतून. तुम्ही लिहिलं नाहीये पण ९ लाखाची गरज कशासाठी पडली ते तुमचं तुम्हाला माहीत असणार. शेतीचं म्हणणं टिकलं नाही तर दोन शक्यता. तो पैसा वर्कशॉपचा आहे हे तुम्ही दाखवू शकलात तर साध्या स्लॅबने टॅक्स. आणि कुठला हेच सांगता आलं नाही तर तो बिनहिशेबी धरला जातो आणि तुमच्या या वर्षांसाठी त्याचा दर सरचार्ज, सेस धरून ७८ टक्के आहे. नऊ लाखाला सात लाख. म्हणून अधिकाऱ्याने विचारायच्या आधी तुम्हीच त्या पैशाचा बाप कोण ते कागदावर आणायचं.

आकड्यात सांगतो. समजा शेतीचे खरे २ लाख, आणि उरलेले ७ लाख वर्कशॉपचाच नफा होता. धंद्याचं उत्पन्न झालं ११ लाख ८८ हजार. शेतीचे २ लाख करमुक्त असले तरी दर ठरवायला मिळवले जातात, तसं करून २०२३-२४ चा टॅक्स सेससकट साधारण १ लाख २२ हजार येतो. व्याज धरून दीड लाख समजू. अपडेटेड रिटर्न, म्हणजे जुन्या वर्षाचं दुरुस्त केलेलं रिटर्न, स्वतःहून भरलं तर या रकमेवर जादा टॅक्स लागतो, तो किती ते उशिरावर आहे. २०२३-२४ चं असेसमेंट वर्ष, म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष, ३१ मार्च २०२५ ला संपलं, तिथून पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, ३१ मार्च २०२७ पर्यंत ५० टक्के, पुढच्या वर्षी ६०, त्याच्या पुढे ७०, आणि ४८ महिने झाले की दार बंद. ५० टक्के धरले तर दीड लाखावर ७५ हजार, एकूण सव्वादोन लाख. टोचतंच, नाही कोण म्हणतंय. पण हेच खात्याने शोधून काढलं आणि मिसरिपोर्टिंग, म्हणजे जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं धरलं तर २७०ए खाली दंड टॅक्सच्या २०० टक्के, म्हणजे नुसता दंड २ लाख ४४ हजार, टॅक्स आणि व्याज वेगळं, ते पण तोपर्यंत वाढलेलं. चार लाखाच्या आसपास जातं. नजरचुकीने कमी दाखवलं तर दंड ५० टक्के असतो, पण दोन एकर उसातून ९ लाख ही नजरचूक आहे हे कुणाला पटवणार तुम्ही?

हे ७ लाख मी उदाहरणाला घेतलेत, रिटर्नमध्ये असाच अंदाजे आकडा टाकू नका, नाहीतर परत तेच उलटं गणित. आकडा कागदातून निघाला पाहिजे. बसा एक रविवार, बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि जीएसटीआर-१ (जीएसटीतलं विक्रीच्या बिलांचं रिटर्न) घेऊन. एक महिना करून दाखवतो. समजा ऑगस्टमध्ये बिलं झाली ५ लाख २० हजाराची, त्यावर १८ टक्के जीएसटी ९३ हजार ६००, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायचे ६ लाख १३ हजार ६००. बँकेत जमा दिसतात ७ लाख ५ हजार. फरक ९१ हजार ४००. त्यात ५० हजार मेव्हण्याकडून हातउसने, एनईएफटीने आलेत, स्टेटमेंटला नाव दिसतंय, ठीक. राहिले ४१ हजार ४०० रोख भरलेले. हे काय आहे? तुम्हाला आठवतं, कुणाच्या तरी बंगल्याची ग्रील केलेली, बिल नको म्हणाला होता. अशी एकेक एंट्री खोडत जायचं. उधारी असल्यामुळे महिन्याला महिना जुळणार नाही, जुलैचं बिल सप्टेंबरला येतं, पण वर्षाच्या शेवटी येणेबाकी धरून जुळलं पाहिजे. आणि भंगार विसरू नका! कटिंगचे तुकडे, बुरादा, जुने अँगल, वर्षाला लाख दीड लाखाचं भंगार रोखीत जातं आणि ते कुणाच्याच वहीत नसतं. पत्रा, अँगलची खरेदी मात्र जीएसटीत पूर्ण दिसत असते, त्यामुळे एवढं लोखंड आलं आणि एवढंच गेलं तर बाकीचं कुठंय हा प्रश्न कुणीही विचारू शकतो.

उलट बाजूने, जीएसटीतला आकडा जास्त असणं म्हणजे दरवेळी लबाडीच असं नाही. जुनं वेल्डिंग मशीन विकलं तर ते जीएसटीत विक्री म्हणून दिसतं पण ती धंद्याची उलाढाल नाही. क्रेडिट नोट असते, कधी एकच बिल दोनदा चढलेलं असतं. बरेचजण बँकेतली जमा आणि जीएसटीची टॅक्सेबल रक्कम थेट शेजारी ठेवून बघतात आणि घाबरतात, ६१ लाखाच्या बिलावर बँकेत जीएसटीसकट ७२ लाख येणारच. असा फरक असेल तर त्याचा एक साधा तक्ता करून फाइलला लावून ठेवा.

बिनबिलाचं काम उत्पन्नात घेतलं की त्याचा जीएसटी पण निघतो हे लक्षात ठेवा. तो डीआरसी-०३ फॉर्मने स्वतःहून व्याजासकट भरता येतो. इकडे कबूल आणि तिकडे गप्प असं करू नका, दोन्ही खाती एकमेकांना माहिती देतात, तुमचा हा घोळ बाहेर आला तोच त्यामुळे.

आता खर्चाकडे येतो, कारण या टप्प्यावर प्रत्येकाच्या डोक्यात एकच येतं, की उत्पन्न वाढवायचंय तर मग खर्च पण वाढवू, ४४एडी सोडून खऱ्या नफा-खर्चाचं आयटीआर-३ भरू, टॅक्स परत खाली. एक तर ४४एडी मध्येच सोडून नफा कमी दाखवला तर पुढची पाच वर्षं त्यात परत येता येत नाही आणि उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट मागे लागतं. दुसरं म्हणजे खर्च टाकायचा तर तो धंद्याचा पाहिजे आणि पुरावा पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये काय काय असतं सांगू? घराच्या स्लॅबची सळई वर्कशॉपच्या खरेदीत. पोरीच्या लग्नाचं केटरिंग ‘कामगार कल्याण’ मध्ये. एलआयसीचा हप्ता. पोरांची फी. गाडीच्या कर्जाचा अख्खा हप्ता खर्चाला, जेव्हा की त्यातलं व्याजच काय ते खर्चात येतं, मुद्दल नाही, आणि गाडी घरालाही वापरता तर तेवढा वाटा बाजूला काढायला लागतो. कटिंग मशीन घेतलं आणि पूर्ण किंमत एका वर्षात खर्चाला टाकली, खरं तर त्यावर घसारा धरायचा, मशिनरीला १५ टक्के. मालकाचा स्वतःचाच पगार! प्रोप्रायटर स्वतःला पगार देऊन तो खर्चात टाकू शकत नाही, तो घरखर्चाला काढलेला पैसा असतो.

मजुरी हा तुमच्या लाइनमधला खरा खर्च, आणि नेमका तोच कच्चा असतो. शनिवारी पोरांना रोख वाटप, वहीत ‘मजुरी १८,०००’ एवढीच ओळ. एका माणसाला एका दिवसात १० हजाराच्या वर रोख दिले तर तो खर्च मिळत नाही. चार पोरांना मिळून अठरा दिलेत तर हरकत नाही, पण ते चार आहेत हे दिसलं पाहिजे ना. नाव, दिवस, दर, सही किंवा अंगठा असं साधं हजेरीपत्रक ठेवा, नाहीतर फोनपेने द्या, आपोआप पुरावा तयार होतो.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. कमिशन घेऊन नुसती बिलं देणारे लोक बाजारात आहेत, माल नाही, गाडी नाही, फक्त स्टीलचं बिल. आयकरात खोट्या नोंदीला त्या रकमेएवढा दंड वेगळा आहे, जीएसटीत तर त्याहून वाईट, आणि तो बिल देणारा सापडला की त्याच्या यादीतून तुमचा नंबर लागतो. तुमची केस आत्ता निस्तरण्यासारखी आहे, हे केलंत तर राहणार नाही.

बायकोचं रिटर्न. वहिनी खरंच शिवणकाम करत असतील, गिऱ्हाइकं असतील, तर चार लाख नाही पण जेवढं असेल तेवढं दाखवा, त्यांचा तो हक्कच आहे. पण घरात शिलाई मशीनच नाही आणि चार लाख दाखवलेत, तर तो तुमचाच पैसा त्यांच्या पॅनवर आहे आणि तो तुमच्या उत्पन्नात धरायला सांगतील. बरेचदा हे होमलोनसाठी केलेलं असतं, दोघांचं उत्पन्न दिसावं म्हणून, टॅक्स लागत नाही मग दाखवायला काय जातंय असं म्हणून. जातं काय तर उद्या वहिनींच्या नावावर काही घेतलं की विचारणा त्यांनाच होते, आणि त्यांना तर अशी काही रिटर्नं भरलीत हेच माहीत नसतं. हे पुढच्या वर्षापासून बंद, आणि मागचं तुमच्याबरोबरच त्याच माणसाकडून तपासून घ्या.

इथं मार्केट यार्डातले लोकही वाचत असतील म्हणून जाता जाता. हळदीच्या, बेदाण्याच्या अडत्यांना ४४एडी लागूच नाही, कमिशनच्या धंद्याला ते कलम मनाई करतं, तरी निम्मे लोक ४४एडीचं आयटीआर-४ भरून मोकळे होतात. आणि दुसऱ्या टोकाला, कच्च्या अडत्याची, म्हणजे शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीने विकून देणाऱ्याची, उलाढाल म्हणजे फक्त त्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या मालाची पूर्ण किंमत नाही, १९८६ चं ४५२ नंबरचं सर्क्युलर आहे त्यावर. ते माहीत नसल्यामुळे बँकेत कोट्यवधी फिरलेले बघून घाबरून वाट्टेल ते आकडे टाकले जातात. शेतकऱ्याच्या नावाची पट्टी जपून ठेवली तर हे सहज दाखवता येतं.

रिटर्न भरणाऱ्याबद्दल विचारलंय, त्याच्यावर काही करता येईल का. जुलैत त्याचा फोन आला असेल, ‘ओटीपी आलाय तो सांगा’, आणि तुम्ही सांगितला असेल. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. कायद्यासमोर रिटर्न तुमचं आहे, त्याने भरलं हे उत्तर चालत नाही. खातं अशा लोकांच्या मागे लागतं, जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटी घालून रिफंड काढून देणाऱ्यांवर देशभर कारवाई झाली, पण त्यात त्यांच्या गिऱ्हाइकांचे रिटर्नपण उघडले गेले. आणि तो जर म्हणत असेल की सांगलीच्या ऑफिसात साहेब ओळखीचे आहेत, तर तपासणी आता फेसलेस असते, तुमची फाइल कुठल्या राज्यात कोण बघतोय ते त्याला पण कळणार नाही. त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका, तिन्ही वर्षांची रिटर्नं, कॉम्प्युटेशन आणि पासवर्ड घ्या, पासवर्ड आणि ईमेल बदला.

क्रम असा ठेवा. आधी पोर्टलवरून तिन्ही वर्षांचं एआयएस (खात्याकडे तुमच्याबद्दल आलेली सगळी माहिती) आणि २६एएस (कापलेल्या टीडीएसचा उतारा) डाउनलोड करा. २६एएसमध्ये एखाद्या कंपनीने तुमच्या कामावर १ टक्का टीडीएस कापलेला असेल तर त्या ओळीत पूर्ण रक्कम दिसते, ती तुमच्या बिलात आहे का बघा. मग वर सांगितलं तसा महिन्याचा हिशेब. मग चांगल्या सीए किंवा टॅक्स प्रॅक्टिशनरला घेऊन अपडेटेड रिटर्न. २०२२-२३ चं पण भरता येतं, त्याचा जादा टॅक्स ३१ मार्च २०२६ पर्यंत ५० टक्के होता, त्यानंतर वर्षभर ६०, आणि शेवटची तारीख ३१ मार्च २०२८. २०२४-२५ ला ३१ मार्च २०२७ पर्यंत २५ टक्केच. एका वर्षाला एकदाच भरता येतं म्हणून घाईत अर्धवट भरू नका, पण तपासणी सुरू झाली की साधारणपणे ही सोय हातातून जाते म्हणून दिवाळीनंतर बघू असंही नको.

मेसेजला पोर्टलवर उत्तर देताना मात्र जपून. जीएसटीच्या ६१ लाखापुढे पर्याय येतील, माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्याच्या पॅनची आहे वगैरे. तुमचा माणूस तिथं ‘बरोबर नाही’ वर क्लिक करून मोकळा होईल. ती ६१ लाखाची ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, तुम्हीच भरलीय, ती नाकारली तर आता जीएसटीचा अधिकारी पण विचारेल की मग खरं काय. आकडा तुमचाच असेल तर बरोबर आहे म्हणा आणि पुढे रिटर्न दुरुस्त करा.